रॉकवेल जमवा, पण चित्र बघू नका

अमेरिकन चित्रकार नॉर्मन रॉकवेलची सही असलेली, मर्यादित आवृत्तीतली लिथोग्राफ (म्हणजे दगडी छापाची चित्रं) जमवायचं ठरवलंत? उत्तम केलंत. सोनं घेणारे पुष्कळ, प्लॉट घेणारे त्याहून पुष्कळ. जुन्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ जाड कागदावर पुन्हा छापलेलं घ्यायचं आणि त्यापायी हजारो डॉलर मोजायचे, याला छाती लागते. फक्त एक पथ्य पाळा. चित्राकडे फार वेळ बघू नका. जाणकार संग्राहकाची नजर थेट कागदाच्या तळाशी जाते: एका कोपऱ्यात पेन्सिलीने केलेली सही, दुसऱ्यात पेन्सिलीनेच लिहिलेला अपूर्णांक, म्हणजे एकूण प्रतींपैकी ही कितवी तो आकडा. मधला पोरगा, कुत्रा, डॉक्टर वगैरे सगळं त्या दोन टोकांमधली जागा भरायला असतं.

इतिहासातही फार खोल शिरू नका, त्याने उत्साह मावळतो. रॉकवेलचं पहिलं मुखपृष्ठ 'सॅटर्डे ईव्हनिंग पोस्ट' या साप्ताहिकावर 1916 साली आलं, तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. 1963 पर्यंत त्याने अशी तीनशेहून जास्त मुखपृष्ठं केली. अंक लाखांनी छापले जात, पाच-दहा सेंटला मिळत आणि वाचून झाले की रद्दीत जात. म्हणजे हा माणूस आयुष्यभर गल्लोगल्ली पोचावं म्हणूनच चित्र काढत होता. हे मनातून काढून टाका. 1970च्या दशकात, त्याच्या म्हातारपणी, तीच चित्रं दोनशे-दोनशे प्रतींत छापून त्यावर त्याची सही घेतली गेली आणि ती एकाएकी दुर्मीळ झाली, एवढंच लक्षात ठेवा.

आता दोनशे म्हणजे दोनशेच का, असं विचारू नका. दोनशे आकडी प्रती, त्यांच्याशिवाय रोमन आकड्यांच्या, त्यांच्याशिवाय 'आर्टिस्ट्स प्रूफ' म्हणजे चित्रकारासाठी राखलेल्या आणि कधीकधी विक्रीसाठी नसलेल्या प्रतीही, ज्या पुढे विक्रीलाच येतात. ह्या सगळ्या त्या दोनशेत धरायच्या नसतात. पंगत मोजताना घरची माणसं कुठे धरतात? शिवाय 173 पेक्षा 3 क्रमांकाची प्रत सरस, हे पाहुण्यांना ठासून सांगा. छापलेले कागद गठ्ठ्यात मागेपुढे होतात आणि क्रमांक हाताला येईल त्या कागदावर पडतो, हे त्यांना कशाला कळायला हवं?

भिंग तर घरात ठेवूच नका. भिंगाखाली मासिकासारखे ठिपक्यांचे गुच्छ दिसले, तर साधं ऑफसेट पोस्टर गळ्यात पडलंय हे कळतं, आणि कळलं की झोप जाते. ठिपके नाहीत दिसले तरी निश्चिंत होऊ नका. अस्सल लिथोग्राफमध्ये चित्रकार स्वतः चुनखडीच्या दगडावर किंवा पत्र्यावर तेलकट खडूने चित्र काढतो. रॉकवेलची मूळ चित्रं कॅनव्हासवर तैलरंगातली. त्यावरून कधी फोटोच्या आधाराने छपाई झाली, कधी दुसऱ्याच कारागिराने एकेका रंगाची प्लेट हाताने तयार केली. तुमच्या कागदावर रॉकवेलच्या हातचं म्हणावं असं बहुतेक वेळा एकच काम असतं: सही. तेव्हा विक्रेता 'ओरिजिनल' म्हणाला की मान डोलवा.

(योगायोग बघा. रॉकवेल 1894 साली न्यूयॉर्कमध्ये जन्मला आणि त्याच साली इकडे गिरगावात राजा रविवर्म्याचा छापखाना सुरू झाला. तोही दगडावरचाच छाप. आपल्या पणज्यांनी त्या लक्ष्मीला हळदकुंकू वाहिलं, कोपऱ्यात 87/200 लिहिलंय का ते बघितलं नाही. गुंतवणुकीची अक्कलच नव्हती.)

विषय निवडताना दिवाणखान्याचा विचार करा. 1958 चं 'द रनअवे' उत्तम: उपाहारगृहातल्या उंच स्टुलावर पोलीस, शेजारी घरातून पळालेला चिमुरडा, खाली त्याचं गाठोडं. कुणालाही न बोचणारं. 1964 साली 'लुक' पाक्षिकात आलेलं चित्र मात्र टाळा. त्यात पांढऱ्या फ्रॉकमधली काळी मुलगी सरकारी अधिकाऱ्यांच्या पहाऱ्यात शाळेला चाललीय, मागे भिंतीवर शिवी आणि फेकलेल्या टोमॅटोचा डाग. काळी माणसं दाखवायची तर नोकर म्हणूनच, अशी 'पोस्ट'मध्ये आपल्याला ताकीद होती, हे रॉकवेलनेच पुढे सांगितलं. 'पोस्ट' सोडल्यावर त्याने हे चित्र केलं. त्याच्या सगळ्या कामात बघत राहावं असं हे चित्र आहे. आपण बघायचं नाही असं ठरलंय, म्हणून टाळा.

तज्ज्ञांवर पूर्ण विश्वास ठेवा. डॉन ट्रॅक्टी नावाच्या व्यंगचित्रकाराने 1960 साली रॉकवेलचं 'ब्रेकिंग होम टाइज' हे मूळ तैलचित्र नऊशे डॉलरला घेतलं होतं. पुढे त्याने त्याची हुबेहूब नक्कल केली आणि अस्सल चित्र घरातल्या खोट्या भिंतीआड दडवलं. नक्कल रॉकवेलच्याच नावाच्या संग्रहालयात दिमाखात टांगली गेली. चित्रातल्या पोराचा चेहरा 'पोस्ट'च्या छापलेल्या मुखपृष्ठासारखा दिसत नाही, हे जाणकारांना खटकलं होतं. पण कुणीतरी साफसफाई करताना बिघडवला असेल, असं म्हणून त्यांनी मनाचं समाधान केलं. ट्रॅक्टी वारल्यावर 2006 साली मुलांना भिंतीतली फट सापडली. त्याच वर्षी अस्सल चित्र दीड कोटी डॉलरच्या वर गेलं. मुलांनी काय केलं? टांगलेल्या चित्रातला आणि मुखपृष्ठावरचा, दोन्ही चेहरे शेजारी धरून नीट बघितले. असल्या सवयी संग्राहकाला शोभत नाहीत.

रॉकवेलचं 'सेइंग ग्रेस' 2013 च्या लिलावात चार कोटी साठ लाख डॉलरला गेलं, ही गोष्ट गॅलरीवाला तुम्हाला हमखास ऐकवेल. ते तैलचित्र होतं आणि जगात एकच होतं, हा तपशील मध्येच काढू नका. उगाच रंगाचा बेरंग होतो.

फ्रेमवाल्याला सांगा, आम्लरहित पुठ्ठा, अतिनील किरण अडवणारी काच, आणि कागद मागच्या पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवायचा नाही. कडाही कापायच्या नाहीत. पुठ्ठ्याची खिडकी कापताना सही आणि अपूर्णांक दोन्ही मोकळे राहिले पाहिजेत. चित्र थोडं झाकलं गेलं तर जाऊ दे. प्रमाणपत्रालाही फ्रेम करा. ते विकणाऱ्यानेच लिहिलेलं असतं, तेव्हा त्यात खोट निघण्याचा प्रश्नच नाही.

आणि एक दिवस विकायला निघालात, की त्याच दुकानात जा. घेताना ज्याने आवाज खाली आणून "जगात फक्त दोनशे आहेत हो" असं सांगितलं होतं, तोच गृहस्थ चष्मा कपाळावर सरकवून म्हणेल, "अहो, पण दोनशे आहेत ना जगात!"