मोकॅप सूट घातला की व्हीआरचा डेटा तयार? छे!

ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. विषय मोकॅप (मोशन कॅप्चर, म्हणजे माणसाची हालचाल कॅमेऱ्यांनी टिपून तिचा डेटा बनवणं) आणि व्हीआर (हेडसेट घालून शिरायची आभासी दुनिया; तिथे डोक्यावरच्या हेडसेटची आणि हातांतल्या कंट्रोलरची हालचाल नोंदली जाते). मथितार्थ असा: 'माणसाची हालचाल मोकॅपने रेकॉर्ड केली की ती शंभर टक्के खरी. त्यातून डोकं आणि दोन हात उचला, व्हीआरचा डेटा तयार. हेडसेट घालून कुणाला नाचवायची गरज नाही. आणि नाव-चेहरा नसल्यामुळे प्रायव्हसीची कटकटही नाही.' मोकॅपचा डेटा साफ करणं हेच माझं रोजचं काम, त्यामुळे गप्प बसवेना.

'शंभर टक्के खरी' हे आधी घेऊ. मोकॅपच्या कॅमेऱ्याला हाडं दिसत नाहीत, अंगावर चिकटवलेल्या चकाकत्या गोळ्या, म्हणजे मार्कर, दिसतात. कार्नेगी मेलन विद्यापीठाचा जगभर वापरला जाणारा संग्रह असाच, 12 इन्फ्रारेड कॅमेरे आणि 41 मार्कर लावून केलेला. कातडी हाडावरून सरकते, तिच्यासोबत मार्करही सरकतो. गुडघ्याचा सांधा नेमका कुठे, हे शेवटी सॉफ्टवेअर अंदाजानेच ठरवतं.

पुढे ही हालचाल दुसऱ्या अंगकाठीच्या अवताराला, म्हणजे कॉम्प्युटरमधल्या पात्राला, चढवायची. एका सडपातळ नर्तकीचा नमस्कार मी एकदा रुंद खांद्यांच्या अवताराला लावला. कोपरांचे कोन तेच राहिले, खांदे लांब गेले, आणि दोन तळव्यांमध्ये चार बोटं फट! एकूण एक कोन खरा, नमस्कार तेवढा खोटा. ती फट हातानेच बुजवावी लागली.

आता 'डोकं आणि दोन हात उचला'. खरी मेख इथे आहे. मोकॅपमधलं डोकं म्हणजे कवटीच्या बुडाशी मानलेला सांधा. हेडसेट असतो डोळ्यांपुढे. मान वळवली की सांधा जवळपास जागीच राहतो, हेडसेट मात्र कमानीत फिरतो. हातांचंही तेच: मोकॅप मनगट देतं, कंट्रोलर असतो मुठीत. हात पाठीमागे गेला की हेडसेटवरच्या कॅमेऱ्यांना तो दिसेनासा होतो, स्टुडिओतल्या बारा कॅमेऱ्यांना दिसतच राहतो. म्हणजे उचललेला डेटा फाजील स्वच्छ. त्यात मुद्दाम घाण, म्हणजे खऱ्या हेडसेटसारख्या चुका, कालवावी लागते (हो, पगार त्याचाही मिळतो). शिवाय चेहऱ्यावर अर्धा किलो वजन असलेला, टीपॉयला धडकायच्या भीतीने पाय चाचपत टाकणारा माणूस मोकळ्या माणसासारखा चालतच नाही.

जुन्या नोंदी टाकाऊ आहेत असं मुळीच नाही. 2019 मध्ये आलेल्या 'अमास' या मोकॅपच्या महासंग्रहाने 15 संग्रह एकत्र केले: 40 तासांहून जास्त हालचाली, 300 हून जास्त माणसं. माझं पान त्याच्याशिवाय हलत नाही. पण 2018 चं 'डीप इनर्शियल पोझर' बघा. अंगावर बांधलेल्या, हालचाल मोजणाऱ्या मोजक्या सेन्सरांवरून शरीराची ठेवण ओळखणारं हे एआय मॉडेल. त्याच्या कर्त्यांनी मोकॅपमधून सेन्सरांचे कृत्रिम सिग्नल तयार केले आणि मॉडेल त्यावर शिकवलं. तरीही 10 जणांना 17 खरे सेन्सर बांधून वेगळं रेकॉर्डिंग करावंच लागलं. कृत्रिम डेटावर भागत असतं तर एवढा खटाटोप कोण करेल?

राहिली प्रायव्हसी. 2023 मध्ये 'बीट सेबर' हा व्हीआर गेम खेळणाऱ्या 55,541 जणांच्या फक्त डोक्याच्या आणि हातांच्या हालचालींवर मॉडेल शिकवलं गेलं. 100 सेकंदांच्या हालचालीवरून खेळाडू नेमका कोण, हे त्याने 94 टक्क्यांहून जास्त वेळा बरोबर सांगितलं. नाव नाही, चेहरा नाही, आवाजही नाही.