चांगला वाजवणारा निघाला की संपलं

पबमध्ये वाईट गाणारा परवडला. तो माइक लावून गिटार कुटतो आणि आपण त्याच्या डोक्यावरून आपल्या गप्पा पुढे रेटतो. घात होतो तो चांगला वाजवणारा निघाला की. आयर्लंडमध्ये हा धोका कुठल्याही मंगळवारी असतो. डब्लिनात नोकरीला असलेली आपली मंडळी ऑफिस सुटल्यावर "एकेक घेऊ आणि निघू" म्हणत आत शिरतात. आतल्या टेबलापाशी चार-पाच माणसं वाद्यं घेऊन आपल्याकडे पाठ करून बसलेली असतात. स्टेज नाही, तिकीट नाही, ओळख करून देणारा निवेदक तर नाहीच. आयरिश लोकसंगीताच्या या बैठकीला सेशन म्हणतात, आणि तिथून तुमच्या संध्याकाळचा ताबा तुमच्याकडे राहत नाही.

यातला जबरदस्त कोण, हे कपड्यांवरून कळत नाही. बहुतेकदा जाकिटाच्या खिशातून दहा-पंधरा युरोंची टिन व्हिसल काढणारा म्हातारा तो असतो. सहा भोकांची साधी पत्र्याची नळी. धून साधारण अशी: दोन भाग, प्रत्येक आठ बारचा (बार म्हणजे तालाचं एक माप), प्रत्येक भाग दोनदा, म्हणजे एक फेरी ३२ बारची. तीनेक फेऱ्या झाल्या की न थांबता दुसऱ्या धुनेत उडी. बेताचा वादक तिन्ही फेऱ्या छापल्यासारख्या वाजवतो. म्हाताऱ्याचं तसं नसतं. पहिल्या फेरीत जिथे लांब स्वर होता, तिथे दुसऱ्या फेरीत तो रोल टाकतो: मूळ स्वर, वरच्या स्वराचा ओझरता स्पर्श, परत मूळ, खालून एक टिचकी, परत मूळ. हे सगळं त्या एका लांब स्वराच्या जागेत. बोट उचललेलं दिसतही नाही. श्वास घ्यायला मात्र त्यालाही जागा लागते. नवशिका श्वासासाठी लय खातो, हा एखादा स्वर सोडून देतो. पुढच्या फेरीत वेगळाच स्वर सोडतो, त्यामुळे गाळलेली जागासुद्धा मुद्दाम ठेवल्यासारखी वाटते. हे एकदा लक्षात आलं की समोरच्या मित्राच्या प्रमोशनची गोष्ट ऐकू येणं बंद होतं.

कोणी इलन पाइप्स, म्हणजे आयरिश बॅगपाइप, काढले तर घरी निरोप पाठवून द्यावा. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली भाता, डाव्या कोपराखाली पिशवी, मांडीवर टेकवलेली सुरावटीची नळी, तंबोऱ्यासारख्या एकाच सुरात सतत घुमणाऱ्या तीन ड्रोन नळ्या, आणि वर साथीचे सूर देणाऱ्या रेग्युलेटर नळ्यांच्या मनगटाच्या कडेने दाबायच्या चाव्या. २०१७ साली युनेस्कोने ही कला आपल्या यादीत घेतली, पण पाइप्समधल्या रीड, म्हणजे कंप पावून सूर काढणाऱ्या पातळ पट्ट्या, युनेस्कोलाही जुमानत नाहीत. त्या बोरूच्या जातीच्या गवताच्या असतात. हवा कोरडी पडली, हीटर जवळ आला, की रुसतात. म्हणून वादक बराच वेळ नुसता सूर जुळवत बसतो. आपण "आता सुरू होईल, एक ऐकू आणि उठू" म्हणत बसून राहतो. सापळा हाच.

बसण्याचेही नियम आहेत. वादकांच्या टेबलाजवळची मोकळी खुर्ची मोकळी नसते. तिचा मालक काउंटरवर असतो किंवा यायचा असतो. टाळ्या धरू नयेत. आपला हात भजनाला सरावलेला, लगेच शिवशिवतो, हे मान्य. पण नाचाच्या या धुनांत रील चारच्या वजनात चालते, जिग सहाच्या, म्हणजे आपल्या दादऱ्याच्या जवळ, आणि स्लिप जिग तर नऊच्या. एकीची टाळी दुसरीत घुसली की वाजवणारे मान वर करून बघतात, आणि ती नजर रात्रभर पुरते. बोरॉन नावाची बकऱ्याच्या कातड्याची डफासारखी चकती असते. ती एक पुरे. दुसरी घेऊन कोणी आला की बाकीच्यांना अचानक बाथरूम आठवतं.

बाथरूमचं गणितही आधीच मांडून ठेवावं. रीलची एक फेरी सुमारे ३५ सेकंदांची. तीन फेऱ्यांच्या तीन धुनांचा एक सेट धरला तर पाच मिनिटांच्या थोडं वर. त्या वेळात वर्तुळासमोरून आडवं जायचं नाही. दोन सेटच्या मधल्या गप्पांत उठायचं, तेव्हाच बिअर सांगायची. गिनेस दोन टप्प्यांत भरतात, कंपनीचा आकडा ११९.५ सेकंदांचा, त्यामुळे पाइंट हातात येईतो पुढचा सेट सुरू झालेला असतो आणि तुम्ही काउंटरलाच अडकता. बार सोमवार ते गुरुवार साडेअकराला बंद, वर ग्लास रिकामा करायला अर्धा तास. शेवटच्या बसचं वेळापत्रक या कायद्याशी चर्चा करून केलेलं नसतं.

पर्यटकांना हे सगळं प्राचीन परंपरा म्हणून दाखवलं जातं. तसं नाही. पूर्वी हे संगीत घरातल्या चुलीपाशी आणि नाचाच्या जागी वाजायचं. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला. पबमधली ही बैठक रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, लंडनला मजुरीला गेलेल्या आयरिश लोकांत. गिरणगावात कोकणच्या चाकरमान्यांनी भजनी मंडळं चालवली, तसंच काहीसं. नंतर ती आयर्लंडात पसरली आणि पोस्टकार्डावर जाऊन बसली.

सर्वात मोठं संकट शेवटी येतं. रात्र रंगली की कोणीतरी साथीशिवाय गातं, अख्खा पब गप्प होतो, आणि गाणाऱ्याला हक्क असतो पुढचा माणूस नेमायचा. याला नोबल कॉल म्हणतात. परका चेहरा दिसला की बोट तिकडे वळण्याची शक्यता दाट. "मला येत नाही" हे उत्तर इथे विनय समजून सोडून देतात आणि वाट बघत राहतात. तेव्हा एक गाणं तयार ठेवावं: ओवी चालेल, अभंग चालेल, दोन कडवी, तीन मिनिटांच्या आत. पट्टी आपल्या नेहमीच्यापेक्षा खाली धरावी, कारण पहिली ओळ घाबरून वर चढतेच. ताना नकोत. अर्थ आधी एका वाक्यात सांगावा, निरूपण करू नये. गाऊन झालं की हक्क आपल्याकडे येतो. तेव्हा ज्याने "एकेक घेऊ आणि निघू" म्हणून आणलं होतं, त्याचं नाव मोठ्याने घ्यावं.