होय, आम्ही अलिबागचेच

दादरहून गेटवेला जाताना आमच्या टॅक्सीला एक बाइकवाला आडवा आला. टॅक्सीवाला काच खाली करून ओरडला, "अलिबाग से आया है क्या?" मागच्या सीटवर पेंगणारे माझे ७८ वर्षांचे पप्पा ताडकन सरळ बसले. खिडकीतून अर्धे बाहेर वाकून त्या पोराला म्हणाले, "अरे वा! अलिबागमध्ये कुठे राहतोस? आम्ही आवासचे!" सिग्नल सुटला तरी तो पोरगा हसत तिथेच उभा. मग त्याने हात हलवला. "काका, मी विरारचा!"

या वाक्याने अलिबागकरांचा अपमान होतो म्हणून २०१९ साली एक जण मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असं सांगून कोर्टाने याचिका फेटाळली. पप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "बंदी कशाला? मुंबईभर फुकटात आमच्या गावाचं नाव घेतात!"

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू. माझा जन्म ठाण्याचा, अकराव्या वर्षी घरच्यांबरोबर इस्राएलला गेले. घरात आजही मराठी, कारण पप्पांना रागावता फक्त मराठीत येतं. यंदा पप्पांना आणि माझ्या सोळा वर्षांच्या लेकीला घेऊन गावी आले. आडनाव आवासकर, म्हणजे पत्ता विचारायची सोय आडनावातच आहे.

मांडव्याला लाँचमधून उतरलो आणि मजा सुरू झाली. रस्त्यावरच्या पाट्या म्हणजे आमच्या घरच्या लग्नातली आहेराची वही! झिराड आलं, पप्पा म्हणाले, "हे झिराडकर, ठाण्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे." किहीम आलं. "किहीमकर मामी! काय पुरणपोळ्या करायची!" पुढे पेण, रोहा, अष्टमी, चौल अशा बाणाच्या पाट्या दिसल्या की प्रत्येक बाणाला एक मावशी, एक आत्या, एक जुनं भांडण. लेकीने वहीत यादी करायला घेतली आणि शेवटी ड्रायव्हरदादांनी गाडी हळू केली. म्हणाले, "काका, सगळ्यांना भेटायचं असेल तर दोन दिवस जास्त लागतील."

जेवायला एका खानावळीत थांबलो. मालकांनी प्रेमाने कोळंबीचं ताट पुढे केलं. आम्हाला कोळंबी चालत नाही. ज्या माशाला पर आणि खवले, तोच आमचा. मालक क्षणभर विचारात पडले, आत गेले आणि एकेक मासा हातात धरून बाहेर येऊ लागले. "हा चालेल? आणि हा?" पप्पा चष्मा लावून प्रत्येकावर अंगठा फिरवायचे आणि निकाल द्यायचे. बाजूच्या टेबलावरची माणसं जेवण सोडून बघायला आली. बांगडा पास झाला तेव्हा दोघातिघांनी टाळ्या वाजवल्या! आमच्यात मटणाबरोबर दूध-दही नाही. पण कोकणात नारळाचा रस आहे, मग अडतंय कशाला? मला खरोखर वाटतं की आमच्या पूर्वजांची बोट अलिबागजवळच्या नवगावलाच फुटली हे देवाचं मोठं शहाणपण. परंपरा सांगते, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. जे बुडाले त्यांना नवगावच्या किनाऱ्याजवळ पुरलं. तिथे मात्र पप्पा काही बोलले नाहीत. बराच वेळ उभे राहिले.

वाचलेल्यांनी इथे तेलाचे घाणे घातले, शनिवारी (तो आमचा विश्रांतीचा वार) बैल जुंपले नाहीत आणि गावाने त्यांना नाव दिलं शनवार तेली. हे नाव आवासात अजून जिवंत आहे. एका अंगणात सुपात वाल निवडत बसलेल्या आजींनी आम्हाला विचारलं, "शनवार तेल्यांची का गो तू?" दोन हजार किलोमीटर नाही, चार हजार किलोमीटरवरून आले होते मी, आणि बाईंनी मला दोन शब्दांत ओळखलं.

आजींनीच आमचा शोध मार्गी लावला. पप्पा लहानपणी सुट्टीत यायचे तेव्हा त्यांच्या आजोबांच्या घाण्याचा दगड अंगणात नुसता पडून असे. तो दगड बघायचा होता. एक काका म्हणाले, तो आमच्या पडवीमागे आहे. दुसरे काका म्हणाले, छे, तो पाट्यासाठी फोडलेला दगड, खरा घाणा आमच्या विहिरीजवळ. दोघेही हट्टाला पेटले. दोन्ही घरी चहा झाला, दोन्ही घरी पोहे झाले. पप्पांनी दोन्ही दगडांवर हात फिरवला, दोन्हीकडे डोळे पुसले.

सुपातल्या वालांवरून पप्पांनी लेकीला सांगितलं ते तिने तिच्या शाळेत कधीच ऐकलं नव्हतं. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाच्या दिवसाला आमची जुनी माणसं बिरड्याचा सण म्हणायची (बिरडं म्हणजे मोड आलेल्या वालांची उसळ). मंदिर तिथलं, वाल इथले. लेक म्हणाली, "आजोबा, हे आधी का नाही सांगितलं?"

म्हणूनच मला राग येतो जेव्हा लोक विचारतात, तुमचं खरं मूळ कुठलं, इस्राएल की कोकण? 'की' कशाला? अलिबागच्या इस्राएल आळीत आमची मशीद आहे (आमची जुनी माणसं सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, मशीदच म्हणतात). तिथे हिब्रूत प्रार्थना करून बाहेर आलं की आंब्याचा भाव मराठीत विचारायचा. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली पहिली मशीद बांधली, त्यांचं नावच बघा, शमुवेलचे सामाजी झाले! आमच्याकडे अब्राहाम आणि मोशे यांची कीर्तनं मराठीत होत. हे सगळं आमच्या पोरांना हिब्रूत भाषांतर करून सांगून भागणार नाही. त्यांना मराठी यायला हवी, आणि ती घरात बोलूनच येईल. तिकडच्या माझ्या भावाबहिणींनो, कृपा करून पोरांशी मराठीत बोला.

शेवटच्या दिवशी खंडाळ्याला गेलो. ड्रायव्हरदादा आधी घाटाकडे निघायच्या तयारीत होते, पण हा अलिबागजवळचा खंडाळा. इथल्या कातळावर एलियाहू हानबीच्या, म्हणजे आमच्या एलिया संदेष्ट्याच्या, रथाच्या खुणा आहेत असं आम्ही मानतो. पोहे, ओलं खोबरं, साखर आणि फळं घालून मलिदा केला. प्रसाद बघून शाळेतून परतणारी पोरं जमली. लेकीने सगळ्यांना वाटला आणि तिला पहिल्यांदाच कोणीतरी "ताई" म्हणालं. ते ती अजून सगळ्यांना सांगते आहे.

आवासच्या मंडळींना एक विनंती. कोणाकडे त्या घाण्याचा जुना फोटो असेल, किंवा घाणा नक्की कोणत्या अंगणात होता हे घरातल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल, तर मला कळवा. पप्पा रोज विचारतात. शनिवारी फोन बंद असतो, रविवारी सकाळी नक्की उत्तर देईन.