अमेरिकेतला बंदुकीचा हक्क: फिरत्या मेसेजचा खुलासा

'अमेरिकेची घटना प्रत्येकाला हवी ती बंदूक हवी तिथे बाळगू देते' असा मेसेज फिरतोय. अर्धंच खरं आहे ते.

बंदुकीचा हक्क देणारी १७९१ ची दुसरी घटनादुरुस्ती एका वाक्याची, आणि त्या वाक्याची सुरुवातच सुनियंत्रित 'मिलिशिया'पासून होते. मिलिशिया म्हणजे वेळ पडली की घरची बंदूक घेऊन हजर होणारी नागरिकांची फौज. केंद्राच्या खड्या (कायमस्वरूपी) सैन्याचा तेव्हा अनेकांनी धसका घेतला होता, म्हणून भिस्त या फौजेवर. हक्क त्या फौजेपुरता की व्यक्तीचा, हा वाद पुढे बराच रेंगाळला. २००८ मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी तो व्यक्तीचा ठरवला: घरात स्वसंरक्षणासाठी. पण त्याच निकालपत्रात न्यायमूर्ती स्कालिया यांनी बजावलं की हा हक्क अमर्याद नाही, शाळा आणि सरकारी इमारतींमधल्या बंदीला धक्का नाही. (मेसेजवाले नेमकं हेच गाळतात.) २०२२ मध्ये घराबाहेर बाळगण्यालाही संरक्षण मिळालं. २०२४ मध्ये मात्र घरगुती हिंसाचाराबद्दल कोर्टाचा मनाई आदेश असलेल्यांवरची बंदी ८ विरुद्ध १ ने टिकली.

आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर गेलेल्या आपल्या मंडळींनी तर हा मेसेज पुढे ढकलूच नये. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर तशा तात्पुरत्या व्हिसावर बंदूक बाळगणं हा तिथे केंद्रीय गुन्हा आहे.