"आजीला कुठं झाला होता मेनोपॉज?" झाला होता, सांगते

पंधरा दिवसांत तोच फॉरवर्ड मला चार ग्रुपवर आलाय, भावकीचा, शाळेच्या बॅचचा, कॉलनीचा आणि कहर म्हणजे आमच्या स्वतःच्या बचत गटाचा. मजकूर साधारण असा: आज्या-पणज्यांना मेनोपॉज हा शब्दच माहीत नव्हता म्हणून त्यांना त्रासही नव्हता, हे एसीत बसणाऱ्या बायकांचं दुखणं आहे, शेतात राबणारीला काही होत नाही, कंपन्यांनी हार्मोनच्या गोळ्या खपवायला काढलेलं खूळ आहे आणि त्यानं कॅन्सर होतो, फारच झालं तर पिशवी काढा विषय संपला, आणि असलं चारचौघांत बोलणं आपल्यात बसत नाही. खाली जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल.

आम्ही पाचजणी बीड जिल्ह्यात गटांच्या मीटिंगला, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जाऊन पाळी जाण्याच्या काळाबद्दल, म्हणजेच मेनोपॉजबद्दल, बोलतो. डॉक्टर एकच, बाकी आम्ही मास्तरीण, आशाताई अशा. तर उत्तर लिहायचं काम माझ्याकडं आलं.

आजीपासूनच सुरू करते. माझी आजी भर पौषात, सगळं घर वाकळीत गुरफटलेलं असताना, उठून शहाबादी फरशीवर नुसती पाठ टेकून झोपायची, उशाशी पाण्याचा तांब्या, आणि कुणी विचारलं तर म्हणायची "अंगातून जाळ निघतोय गं". आम्हाला वाटायचं उष्णता आहे, मग सब्जा भिजवा, गुलकंद द्या. शब्द नव्हता हे खरंय, जाळ होता की! पाळी जाताना बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी झालं की मेंदूतलं तापमान सांभाळणारं केंद्र उगाच बिथरतं, जरा कुठं अंग तापलं की त्याला वाटतं भट्टी पेटली, मग छातीपासून वर वाफ, घाम आणि पाच मिनिटांनी हुडहुडी. काही जणींना हे सात-सात वर्षं चालतं. आणि दुसरं, आजीचा हात आधी दाराच्या वरच्या कडीला सहज पुरायचा, नंतर पुरेना, शेवटी तर ती कमरेत पार वाकली. आम्ही म्हणायचो वय झालं. पाळी गेल्यावर हाडं भराभर विरळ होतात आणि मणके न पडता-झडता आतल्या आत दबतात, उंची कमी होते, पोक येतं. गावातली प्रत्येक वाकलेली म्हातारी आठवा आणि मग म्हणा, आजीला काही झालं नव्हतं.

आता एसीवाला मुद्दा. हे वाचून मला हसावं का रडावं कळेना, कारण आमच्याच जिल्ह्यातून बायका कोयता घेऊन उसाला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ पैसे म्हणजे उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर पैसे कापणार, पहाटे फडात, ना संडास ना पाणी. पांढरं जातंय, पाळीत फार जातंय, कंबर दुखते म्हणून डॉक्टरकडं गेलं की "गाठ आहे, कॅन्सर होईल, पिशवी काढून टाक". २०१९ मध्ये याची चौकशी करायला राज्य सरकारनं आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची विचारपूस झाली, त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. सहातली एक! देशात १५ ते ४९ वयातल्या बायकांत हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. कष्टानं त्रास होत नाही म्हणणाऱ्यानं एकदा दिवाळीनंतर फडावर येऊन बघावं.

आणि इथंच "पिशवी काढा, विषय संपला" याचं उत्तर येतं. पिशवीबरोबर बीजकोशही (म्हणजे अंडाशय, इस्ट्रोजेन तिथंच बनतं) काढले तर पाळी जाण्याचा सगळा त्रास दुसऱ्या दिवसापासून एकदम अंगावर येतो, सावकाश नाही, तो पस्तिशीत आला तर हाडं आणि हृदय दोन्ही त्यानं लवकर म्हातारी होतात. बीजकोश ठेवले तरी ते नेहमीपेक्षा लवकर थकू शकतात. एका गावात पस्तिशीची बाई म्हणाली, "मला वाटलं कुणी करणी केली, रात्री छातीवर कोणीतरी बसतंय". तिच्या ऑपरेशनच्या कागदावर काय काय काढलं तेही तिला कुणी सांगितलेलं नव्हतं, आमच्या डॉक्टरीणबाईंनी तो कागद वाचून दाखवला. पिशवी कधीच काढू नये असं नाही हं, खरंच गरज असते कधी, पण विचारा ना, बीजकोश काढणार का ठेवणार आणि का.

कंपन्यांबद्दल मात्र फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. मेनोपॉजचा चहा, मेनोपॉजची गमी, मेनोपॉजचं तेल, हल्ली काहीही विकतात, पैसे वाया घालवू नका. पण हार्मोन म्हणजे कॅन्सरच ही भीती आली २००२ च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासातून, त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं ६३, म्हणजे पाळी जाऊन दहा-बारा वर्षं झालेल्या. आणि त्यातही दोन हार्मोनची गोळी घेणाऱ्यांत स्तनाच्या कॅन्सरच्या जास्तीच्या केसेस वर्षाला दहा हजारात आठ होत्या. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत हार्मोन सुरू केले तर त्रास होत असलेल्या बहुतेक निरोगी बायकांना फायदाच जास्त, आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तर अमेरिकेच्या औषध खात्यानं याच भीतीतून त्या औषधांवर छापला जाणारा मोठा इशारा काढायचं जाहीर केलं. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालाय, रक्ताच्या गुठळ्या झाल्यात त्यांनी नाही घ्यायचं, मनानं मेडिकलमधून तर कुणीच नाही. आणि प्रत्येकीला गोळी लागतेच असंही नाही, कित्येकींचं हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासलं की अर्धा थकवा तिथंच सापडतो.

राहिलं चारचौघांत बोलणं. आपल्याकडं पाळी साधारण ४६-४७ ला जाते. आणि गंमत बघा, आशाताईच्या कुटुंब नियोजनासाठीच्या पात्र जोडप्यांच्या रजिस्टरमध्ये बाई १५ ते ४९, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही बायकांना प्रश्न ४९ पर्यंतच. म्हणजे पाळी जाऊन दोन-तीन वर्षं होतात न होतात तोच मोजणं थांबतं, सरकारच्या वहीत बाई तिथं संपते. मग आम्ही नाही बोलायचं तर कुणी? आणि न बोलण्याची किंमत साधी नाही: वर्षभर पाळी बंद होती आणि मग डाग दिसला तर ती "पाळी परत आली" नसते, लगेच तपासायचं असतं, कधी तो कॅन्सर असतो आणि लवकर कळला तर बरा होतो. हे एवढं एक वाक्य आम्ही प्रत्येक मीटिंगला दोनदा सांगतो.

मागच्या हळदीकुंकवाला आम्ही मुद्दाम पुरुषांनाही बोलावलं. तिघं आले, पार चपलांपाशी बसले, वर बघेनात. शेवटी एकजण खाकरून म्हणाला, "ती थंडीतसुद्धा पंखा पाचवर ठेवती, मी कुडकुडतो रात्रभर, यावर काय औषध हाय का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आहे, तुम्ही दोन वाकळी घ्या.