स्लॅबला कुठलं सिमेंट?

“५३ ग्रेडच घाल. सेंट्रिंग लवकर मोकळं होतंय,” कंत्राटदार दादा म्हणाला.

बेळगावात, टिळकवाडीच्या कट्ट्यावर विषय होता आमच्यातल्या एकाच्या घराचा. स्लॅब १००० चौरस फूट, पाच इंच जाड, साधारण ११.८ घनमीटर काँक्रीट, सत्तर-पंच्याहत्तर पोती. इंजिनिअर मित्रानं हिशेब मांडला. क्लिंकर म्हणजे चुनखडी नि माती भट्टीत भाजून केलेले गोळे, ते दळून सिमेंट होतं; एक किलो क्लिंकरमागे ०.८५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. त्यातला निम्म्याहून जास्त कोळशाचा नव्हे, चुनखडीच्या पोटातलाच. साध्या ओपीसीत, म्हणजे दादाच्या ५३ ग्रेडसारख्या सिमेंटमध्ये, जवळजवळ सगळं क्लिंकर, म्हणजे या स्लॅबमागे तीन टन. स्लॅग सिमेंटमध्ये निम्मा स्लॅग धरला, तर दीड-पावणेदोन. स्लॅग म्हणजे पोलाद कारखान्यातली भट्टीची मळी; तो आपल्याच राज्यात, बळ्ळारीकडं तोरणगल्लूला निघतो.

“काय सांगूलालास! आणि ताकद?”

“सात दिवसांला कमी. २८ दिवसांला बरोबरी.”

“आणि पाणी कोण मारणार?” गवंडी मामांनी विचारलं.

माझ्या मते खरा प्रश्न हाच. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे ओपीसीला निदान ७ दिवस पाणी लागतं, स्लॅगसारख्या मिश्र सिमेंटला १०. इथं लोक पावसाआधी, मे महिन्यात स्लॅब टाकतात. बोअर आटलेली असते, टँकर विकत घ्यावा लागतो; चौथ्या दिवशी स्लॅब कोरडा. अशा स्लॅबमध्ये हवा लवकर शिरते. काँक्रीट हवेतला थोडा कार्बन परत शोषतं हे खरं, पण कार्बन मुरलेला तो थर सळईपर्यंत पोचला की गंज सुरू. समजा पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडचा स्लॅब २५ वर्षांत फोडावा लागला: वर्षाला ७० किलो. तीन टनांचा ६० वर्षं टिकला: ५० किलो. नुसता पोत्यामागचा कार्बनचा आकडा बघून भागत नाही.

कुणीतरी एलसी३ या नव्या सिमेंटचा विषय काढला. त्याला २०२३ साली आयएस १८१८९ हे मानक मिळालं. निम्मंच क्लिंकर, बाकी मुख्यतः भाजलेली माती आणि कच्ची चुनखडी. माती ८०० अंशांना भाजते, क्लिंकरला १४५० लागतात. “मग खानापूरची कौलांची माती?” तिच्यात केओलिन, म्हणजे चिनी मातीतलं खनिज, भरपूर असेल तरच; तपासल्याशिवाय नाही.

मी स्लॅग सिमेंटच्याच बाजूचा. मात्र वाफे बांधून दहा दिवस पाणी, सळई तळापासून उचलून धरायला खाली कव्हर ब्लॉक आणि टेकू दोन आठवडे तसेच.

“आणि सेंट्रिंगच्या प्लेटांचं जादा भाडं?” दादा.

“मी देतो,” घरमालक म्हणाला. “टँकरचंही.”