“स्पीच थेरपिस्ट सगळे सारखेच” वाल्या मेसेजबद्दल

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपवर आला, माहेरच्या ग्रुपवर पण. थोडक्यात असा: मुलं उशिरा बोलतातच, पाच वर्षांपर्यंत थांबा, घरात एकच भाषा ठेवा, थेरपिस्ट सगळे सारखेच असतात पण सोलापुरात कुणी नाही त्यामुळं पुण्यालाच जा, आणि तीन महिन्यांत बोलतं करायची गॅरंटी देईल त्यालाच धरा. माझा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी त्याला धड चार शब्द येत नव्हते, आता सहाचा आहे. हे सगळं आम्ही करून बसलोय म्हणून लिहितेय.

“पाच वर्षांपर्यंत थांबा.” अजिबात थांबू नका. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत “आई ये” असे दोन शब्द स्वतःहून जोडत नाही, किंवा आधी येत होते ते शब्द गेले, यातलं काहीही असलं तर दाखवायचंच. आणि पहिल्यांदा कान तपासायचे, ओएई नाहीतर बेरा ही ऐकू येतं का ते बघायची तपासणी, कारण पडद्यामागं पाणी साठलं असलं तरी पोराला नीट ऐकू येत नाही आणि घरचे म्हणत राहतात हट्टी आहे. कानाचं न विचारता थेट पॅकेज सांगणाऱ्याकडं पैसे भरू नका. वेखंड आम्ही पण चाटवलंय, त्यानं बोलणं येत नाही.

“घरात एकच भाषा ठेवा.” याच्यावर माझा सगळ्यात जास्त राग आहे. सोलापुरात हे कसं सांगता तुम्ही? पूर्व भागात घराघरात तेलुगू, अक्कलकोटकडं कन्नड, आणि रस्त्यावर मराठी-हिंदी सगळंच. माझ्या सासूबाई तेलुगू, त्यांना मराठी बाजारापुरती येते. आम्ही आधी जिथं जात होतो तिथं सांगितलं की आजीला तेलुगू बोलू देऊ नका, आणि सासूबाई चार महिने नातवाशी बोलायच्याच बंद झाल्या, नुसतं भरवायच्या आणि गप बसायच्या. दिवसभर त्याच्याशी बोलणारं एकच माणूस होतं घरात, तेच आम्ही गप्प केलं. दोन भाषांमुळं बोलायला उशीर होत नाही हो, आणि मुलाला किती शब्द येतात ते मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे असतात.

मग आम्ही थेरपिस्ट बदलली. या दुसऱ्या मॅडमनी पहिल्याच दिवशी विचारलं, घरी पाण्याला काय म्हणता? सासूबाई म्हणाल्या “नीळ्ळू”. मॅडमनी स्टीलचा पेला त्याच्यासमोर धरला, एकदा नीळ्ळू म्हणाल्या आणि गप बसल्या. मी मध्ये बोलायला लागले तर मला हातानं थांबवलं. बराच वेळ गेला, तो पेल्याकडं बघतोय, त्यांच्या तोंडाकडं बघतोय, आणि मग “नी” म्हणाला. तोपर्यंत आधीच्या ठिकाणी त्याला कार्डावरचं वॉटर वॉटर घोकायला लावत होते.

“सगळे सारखेच.” नाहीत. बीएएसएलपी ही बोलणं आणि ऐकणं यांच्या उपचारांची पदवी, चार वर्षांचा कोर्स आहे, इंटर्नशिप धरून, आणि १९९२ च्या कायद्यानं भारतीय पुनर्वास परिषदेकडं म्हणजे आरसीआयकडं नोंदणी लागते. सीआरआर नंबर, म्हणजे या नोंदणीचा नंबर, सरळ मागा, त्यात लाजायचं काही नाही. पण नंबर असला म्हणजे तुमच्या मुलाला जमेल असंही नाही. तोतरेपणा वेगळा, ऑटिझम वेगळा, लकव्यानंतर आजोबांची वाचा गेलेली ते वेगळंच काम. अशी किती मुलं बघितलीत, आमची भाषा येते का, येत नसेल तर काय करता, हे विचारा. आणि आईबापाला आत बसू देतात का? आठवड्यातले दोन तास तिथं, बाकी सगळा आठवडा घरीच ना, मग आम्हाला शिकवल्याशिवाय कसं होणार.

“पुण्यालाच जा.” सोलापूर-पुणे २५० किलोमीटर. आम्ही सहा वेळा पहाटेची गाडी धरून गेलो, पोरगं तिथं पोचेपर्यंत पेंगायचं आणि सेशनभर रडायचं. एकदा तपासणीला मोठ्या संस्थेत जायचं तर जरूर जा, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था याचसाठी आहे, पण दर आठवड्याची थेरपी झेपेल अशाच ठिकाणी घ्या. आणि अंगणवाडीत वर्षातून दोनदा आरबीएसकेचं, म्हणजे मुलांची तपासणी करणाऱ्या सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, पथक येतं, २०१३ पासूनची योजना आहे, त्यांना मुलाचं बोलणं दाखवा, ते पुढं पाठवतात.

“तीन महिन्यांची गॅरंटी.” जो देईल त्याच्याकडं जाऊ नका एवढंच. त्याऐवजी विचारा, तीन महिन्यांनी आम्ही काय बघायचं? आमच्या मॅडमनी वहीत तीन ओळी लिहून दिल्या होत्या: हात ओढण्याऐवजी शब्दानं मागेल, हाक मारली की वळेल, दोन शब्द जोडेल. तीन महिन्यांनी पहिल्या दोन झाल्या, तिसरी नाही झाली. मॅडमनी ती खोडली नाही, तिच्यापुढं नवीन तारीख टाकली आणि सासूबाईंना म्हणाल्या, आता तुम्ही त्याला रोज भाजी निवडायला घेऊन बसा.